तांबट आळीतलं तिरकं घड्याळ

सोमवारी आमच्या तांबट आळीत तीन वाजलेच नाहीत.

हसू नका... खरंच सांगते. आमच्या ओसरीवरचं किल्लीचं घड्याळ ठोके देतं आणि त्यावर अर्धी आळी चालते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाच्या लिलावातून बैलगाडीत घालून आणलं, तेव्हा मी परकर नेसत होते. तेव्हापासून ते उजवीकडे मान कलवून भिंतीवर बसलेलं.

यंदा मी बी.ए. झाले... आमच्या घरातली पहिलीच. आता रोज दुपारी ओसरीवर आळीतल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. गुरुवारी मुलींच्या शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ वर्ग बघायला यायचे होते. म्हणून अण्णांनी सोमवारी सकाळी भिंतीला चुना दिला आणि ओळंबा धरून घड्याळ अगदी सरळ टांगलं. म्हणाले, "ग्रॅज्युएट मुलीच्या घरात वाकडं घड्याळ बरं दिसत नाही."

आणि सरळ झालेलं घड्याळ दुपारी कधीतरी बंद पडलं. माझी पाठ भिंतीकडे, बाहेर हातोड्यांचा दणदणाट... कुणाला कळलंच नाही.

फटका बसला रुक्मिणीला. ती समोरच्या घरातली नवी सून, माझ्या वर्गात सगळ्यांत हुशार. तिच्या सासूबाईंनी, यमुनाकाकूंनी, तिला एकाच अटीवर सोडलं होतं... तीनचे ठोके पडले की भट्टीचा भाता धरायला हजर. ठोके पडले नाहीत, भट्टी विझत आली आणि काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय मास्तरीणबाई, बी.ए. झालात, पण सावली कुठवर आली ते दिसत नाही होय?" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "चल गं. झालं तेवढं शिक्षण पुरे."

रुक्मिणीने पाटी हळूच खाली ठेवली. पाटीवर तिचं नाव अर्धंच लिहून झालं होतं.

अण्णा म्हणाले, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली असेल, घड्याळजीकडे नेऊ. मला मात्र ते पटेना. सकाळपर्यंत धडधाकट असलेल्या घड्याळाला नुसतं सरळ केल्याने काय व्हावं? मंगळवारी सकाळीच मी स्टुलावर चढले आणि काचेचं दार उघडलं.

कमान तर घट्ट भरलेली होती. मग तबकडीच्या फटीतून आत डोकावले आणि बघतच राहिले... एक दातेरी चाक आणि त्याच्यावर दोन हात पसरून बसलेला पोलादाचा छोटा तुकडा. लंबक हलवला की तो चाकाला एका हाताने सोडतो, दुसऱ्या हाताने अडवतो. रविवारी अण्णा किल्ली देतात तेव्हा त्यांच्या मनगटातलं बळ कमानीत जाऊन बसतं आणि हा तुकडा ते एकेक दात करून आठवडाभर पुरवतो! इतकी वर्षं या घड्याळाखाली अभ्यास केला, पण त्याच्या पोटात काय चालतं ते कधी बघितलं नव्हतं.

लंबकाला झोका दिला की ते चालायचं आणि थोड्या वेळाने थांबायचं. मी लाकडाला कान लावला. टिक-टॉक... टिक-टॉक... मधली जागा सारखी नव्हती. घड्याळ चक्क लंगडत होतं.

खालची बाजू हळूहळू डावीकडे सरकवत गेले, तसतसं लंगडणं कमी होत गेलं. अगदी जुन्या तिरकेपणावर आल्यावर टिक आणि टॉक सारख्या अंतराने पडू लागले. बैलगाडीतून येताना आतलं काहीतरी जरासं वाकलं असावं, असा माझा तर्क. अण्णांनी पहिल्या दिवशी ते चालेल तसं टांगलं आणि पुढे विसरून गेले.

"अगं, परत वाकडं करतेस?" अण्णा ओरडत आले.

"डोळे मिटून ऐका ना, अण्णा."

त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू मान डोलवू लागले. "दोघं समोरासमोर बसून हंडा ठोकतात तसं पडतंय..." एवढंच म्हणाले. मग वेळ विचारून येऊन काटे लावले आणि घड्याळाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे बारीक खिळे ठोकले, म्हणजे ते हलायला नको.

मी रुक्मिणीला परत मागायला काकूंकडे गेले. त्यांनी आधी मला ताटकळत ठेवलं, मग घड्याळाचं सगळं ऐकून म्हणाल्या, "वाकडं घड्याळ खरं बोलेल कशावरून?"

"आजवर त्याच्याच भरवशावर भाता धरलात की, काकू!"

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "पाठवते. पण आता एकदा जरी उशीर झाला ना, तर परत विचारायला यायचं नाही."

काल गुरुवार. गृहस्थ आले, पाट्या पाहिल्या, समाधानाने उठले... आणि जाता जाता त्यांची नजर घड्याळावर गेली. "अरेरे, हे कललंय," म्हणत त्यांनी भल्या मनाने हात उचलला. मी लांब होते. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागून आवाज आला.

"हात लावू नका!"

रुक्मिणी! परक्या पुरुषासमोर कधी मान वर न करणारी रुक्मिणी पाटी छातीशी धरून उभी होती. सगळ्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. गृहस्थांचा हात तसाच अधांतरी.

अण्णा पुढे झाले आणि नम्रपणे म्हणाले, "राहू द्या साहेब. ते तसंच सरळ आहे."

थोड्या वेळाने तीनचे ठोके पडले. रुक्मिणीने पाटी माझ्या हातात दिली आणि भात्याकडे धावली. पाटीवर या वेळी नाव पुरं झालं होतं... ओळ थोडी उजवीकडे कललेली. मी ती सरळ करायला सांगणार नाही.