कुलूप लावलेली यादी

माझं टाळकं लवकर तापतं. मानवतला हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी लोक माझ्याच दुकानात यायचे, कारण नव्वद सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत अख्ख्या पेठेत कॉम्प्युटर माझ्याकडेच होता. लग्नपत्रिकेचा मजकूर, शाळेच्या प्रश्नपत्रिका, अर्ज, असली कामं. मी सगळ्यांना दारातच चपला काढायला लावायचो, मशीनला धूळ चालत नाही म्हणून. देवळात काय थाट असेल असा थाट होता माझा.

दर महिन्याला जवळच्या एका गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई रिपोर्ट टाइप करून घ्यायला यायची. चाळिशीची, खणखणीत आवाजाची. एकदा मात्र आली ती गप्प. काम झाल्यावर पिशवीतून एक वही काढली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या ह्या मशीनमधी असं काही ठेवता येतंय का, की माझ्याबिगर कुणालाच वाचता येऊ नये?"

वहीत बायकांची नावं होती. घरच्यांना न सांगता पाळणा लांबवायला तांबी बसवून घेतलेल्या बायका, आणि कुणी कधी तपासणीला यायचं त्याच्या तारखा. उपकेंद्राच्या कपाटाला कुलूप लावलं की गावातली माणसं रुसायची, "आमी काय चोर हाय का?" म्हणायची. म्हणून कपाट कायम उघडं. एका सासूनं ती वही सरळ उचलली, पुतण्याकडून वाचून घेतली आणि सुनेला त्याच दिवशी माहेरी हाकललं. "माझ्या वहीनं त्या लेकराचा संसार मोडला हो," असं म्हणून नर्सबाईनं डोळ्याला पदर लावला. मला त्या सासूचा असा संताप आला, की समोर असती तर काय बोललो असतो कुणास ठाऊक!

मी लगेच कामाला लागलो. हार्ड डिस्कचा एक कोपरा बंद करायचा प्रोग्राम माझ्याकडं होता. आतली अक्षरं तो पार घुसळून टाकायचा. ठरवलेला शब्द दिला तरच ती पुन्हा नीट लागायची, नाहीतर नुसता कचरा. शब्द विसरलात तर ब्रह्मदेवसुद्धा उघडू शकणार नाही, हे मी तिला तीनदा बजावलं.

"शब्द असा घ्या, की तुमच्या तोंडून चुकूनसुद्धा निघायचा न्हाई," मी म्हणालो आणि भिंतीकडं तोंड केलं. पण तिचं एक बोट इतकं हळूहळू चालायलं, की राहवलं नाही, मी वळून पाहिलं. नवऱ्याचं नाव! मी कपाळावर हात मारला. "अहो बाई, हे नाव साऱ्या गावाला ठाऊक हाय की!"

"असंना. माझ्या तोंडून कुणी ऐकलंय का? ईस वर्सं झाली लग्नाला."

ती अगदी मनापासून बोलत होती. मला हसूच आवरेना. शेवटी शब्द बदलायचा कसा तेवढं दाखवून ठेवलं आणि विषय सोडला. पुढं दर महिन्याला ती एका बोटानं स्वतःच यादी भरायची, तेवढा वेळ मी बाहेर थांबायचो.

आता माझ्या घरचं सांगतो. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण लय अवघड गेलं होतं. रक्त थांबेना, जीपमध्ये घालून परभणीला नेली. मुलगी झाली, ही वाचली. डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता चार-पाच वर्षं तरी नको. मी मान डोलावली आणि विसरलो. विसरलो कसला! मलाही मुलगा हवा होता, खरं ते सांगतो. मुलगी तीन वर्षांची झाली तशी माझ्या मायनं हिच्यामागं उपास-तापास, अंगारे-धुपारे लावले, भगताकडं न्यायचं टुमणं लावलं. मीही अधूनमधून तोंड सोडायचो.

अशात एक दिवस स्टँडवर माझी बायको आणि ती नर्सबाई कुजबुजताना दिसल्या. मला पाहताच दोघी गप्प झाल्या. डोक्यात किडा शिरला. तडक दुकानात आलो, भर दुपारी शटर अर्धं ओढलं आणि नर्सबाईच्या नवऱ्याचं नाव टाइप केलं. उघडलं नाही. पुन्हा केलं, उलटसुलट केलं, आडनाव जोडलं. छ्या! माझं मशीन, मीच लावलेलं कुलूप, आणि मलाच आत घेईना. घामाघूम होऊन बसलो.

पुढच्या महिन्यात नर्सबाई आली तेव्हा मी सरळच विचारलं. "माझ्या बायकोचं नाव हाय का त्यात?"

तिनं हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. "उघडायला बघितलं का तुमी?"

मी खाली मान घातली.

"हाय म्हणलं तर काय करताल?" ती म्हणाली. "आन न्हाई म्हणलं तर काय करताल?"

तिनं हाय म्हटलं असतं तर घरी जाऊन आकांडतांडव केलं असतं. न्हाई म्हटलं असतं तर मायबरोबर मीही हिला भगताकडं ओढत नेलं असतं. त्या सासूला मी मनात किती शिव्या घातल्या होत्या! आणि माझ्या बायकोला भीती कुणाची होती? माझीच. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. नर्सबाईनं रिपोर्ट उचलला आणि निघून गेली, हो का नाही ते काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी माय हिला देवगाव फाट्याकडच्या एका भगताकडं न्यायला निघाली. नारळ, लिंबं पिशवीत भरलेली. ही चूल सारवत होती, तोंड उतरलेलं.

"माय, कुठं न्यायचं न्हाई तिला," मी म्हणालो. "मलाच नको हाय सध्या. डॉक्टरनं मला सांगितलंय. काय बोलायचं ते मला बोल."

माय बोलली. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पिशवी आपटली आणि शेजारी जाऊन बसली.

बायको सारवणाचा हात तसाच धरून माझ्याकडं बघत होती. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई," मी म्हणालो. "आता तू सांग."

ती चुलीपाशी खाली बसली. मग परभणीला जाताना त्या जीपमध्ये तिला काय वाटत होतं, ते तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं.