तुपाचा दोष

मी जन्मलो तेव्हा वजन भरलं पावणेदोन किलो. "हे कसलं पोर, कोंबडीचं पिल्लू," असं शेजारणी म्हणाल्या आणि आईनं मला वाढवायचा विडाच उचलला. घरच्या एकुलत्या एक म्हशीचं सगळं तूप माझ्या मऊभातावर पडायचं. ती स्वतः पेज प्यायची.

मला सतरावं लागलं तेव्हा मुंबईच्या गोदीत ओझी वाहणाऱ्या वडिलांच्या छातीत दुखलं. ते वाचले, पण मुलाचंही रक्त तपासून घ्या, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं. रत्नागिरीत तपासलं, तर कोलेस्टेरॉल भलतंच निघालं. "खातोस काय रे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी आईकडे बोट केलं. "हिला विचारा. तूप ओतून ओतून हिनंच ही वेळ आणलीय."

दवाखान्यात आठदहा माणसं होती. आईनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभरात तिनं म्हैस विकली. आमटीतलं खोबरंही बंद झालं.

गणपतीला वडील आले, तेव्हा त्यांना घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेलो. त्यांच्या टाचांमागच्या शिरांवर कठीण गाठी होत्या. घरात आम्ही त्यांना ओझ्याचे घट्टे म्हणायचो. आई दर सुट्टीत त्यांवर खोबरेल चोळायची. डॉक्टरांनी त्या चाचपल्या. "हे घट्टे नव्हेत, चरबी साचलीय. हे तुमच्याकडून मुलाकडे रक्तातून आलंय. नुसत्या तुपानं एवढं चढत नाही." जन्माच्या वजनाचाही यात संबंध असू शकतो, पण घराण्यातून येतं त्यापुढे तो किरकोळ, हे मी पुष्कळ पुढे वाचलं.

बाहेर पडल्यावर वडील म्हणाले, "घरात काय बोलू नको हां."

मी मान डोलावली. वडिलांचा मान राखला म्हणावं, तर तसं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर मला माझे शब्द गिळावे लागले असते.

आईनं दारातच विचारलं, "काय बोलला डॉक्टर?"

"तेच. तुपाचं."

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. तीही जेमतेम दोन किलोची. तिच्या उष्टावणाला आईनं मऊभात कालवला आणि वाटी माझ्या बायकोपुढे धरली. "तूच भरव गो. माझा हात नको. एकाचं वाटोळं केलंय मी."

मी समोरच बसलो होतो. वडील जाऊनही तेव्हा चार वर्षं झाली होती. तरी मी बोललो नाही.