आधी वाल पोचू देत

मे महिन्यात आमच्या पेणच्या रामवाडीत असं उकडतं, की वाळत घातलेलं बनियन इस्त्री होऊनच खाली येतं. अशाच एका दुपारी रोह्याहून मावशी आली आणि म्हणाली, "मला एकदा समुद्राकाठी झोपायचंय. लाटा ऐकत." लग्नापासून तिचा हा बेत धाटावच्या कंपनीतली काकांची शिफ्ट मोडत आली होती. यंदा कशीबशी सुट्टी मिळाली होती.

मी लगेच मोबाइलवर रेवदंड्याकडचं एक घर शोधलं. फोटोत माड, झोपाळा आणि अंगणात थेट अरबी समुद्र. भाव असा, की मालकाने समुद्र फुकट वाटायला काढला असावा. फोन लावला.

"सर, एकच खोली उरलीय. आत्ता आगाऊ भरा, नायतर गेली."

माझा अंगठा बटणाला टेकणार, एवढ्यात मावशीने फोन हिसकावला. ती कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. तिचे वाल तर तिच्याही आधी पोचतात.

"भाऊ, घरी आई हाय ना? वाल खाते ना?"

"मावशी, आधी पेमेंट..."

"पैसे कुठं पळतायत! आधी वाल पोचू देत. आमच्या ह्यांच्या शिफ्टमधला एक जण तुमच्याच गावचा हाय. उद्या गाडीवरून आणून देईल. शेजारी कोण राहतं, सांग."

पलीकडचा आवाज असा बारीक झाला, की मला वाटलं, टॉवरच कोसळला.

"वाल नकोत, मावशी."

"नको कसे? गागोद्याचे हायत! शेजारी कोण?"

फोन कट. पुन्हा लागलाच नाही.

"रागावला वाटतं," मावशी हळहळली.

"अगो मावशी, चोर होता तो!"

"मग? चोर जेवत नाय काय?"

मी पाठवलेला फोटो संध्याकाळी काकांनी कंपनीत त्या शिफ्टवाल्याला दाखवला. तो पोट धरून हसला. "आमच्या गावात असं घर असतं, तर मी कंपनीत कशाला आलो असतो? वाल माझ्या आईला द्या, आणि तुम्हीपण या. ओटीवर जागा हाय."

गेलो. समुद्र खराच निघाला, माडांच्या पलीकडे. मावशी ओटीवर आडवी झाली, "गप्प बसा, ऐका," म्हणाली आणि पहिल्याच लाटेला घोरायला लागली. माडावरचे नारळ हलत होते, ते वाऱ्याने नव्हे.

सकाळी ती रडवेली. "मी काय ऐकलंच नाय!"

"मी होतो ना जागा," काका म्हणाले. "सगळं ऐकलंय. चल, सांगतो."

आणि दोघं माडांतून पाण्याकडे निघाले. काका हातवारे करत, लाटेमागून लाट.