गणिताचा फोटो

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, फळ्यावर लिहिताना प्रत्येक खूण मोठ्याने बोलायचे. "अपूर्णांक सुरू. वर एक्स. खाली एक्स अधिक एक. अपूर्णांक संपला." अमळनेरच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे, आणि त्या वर्गात फळा न दिसणारी मी एकटीच होते. मुलं हसायची. नाना खडू आपटून अहिराणीत म्हणायचे, "उघाडेल कंस बंद करता येस का तुम्हले? मंग हसा."

ही सवय सगळीकडे होती. कप हातात घेतला की "चहा सुरू", रिकामा झाला की "चहा संपला". कुणावर चिडले तर आधी "भांडण सुरू" असं जाहीर करायचे, आणि मिटलं की "संपलं" म्हणून स्वतःच हसायचे. सुरू केलेलं बंद केल्याशिवाय ते उठत नसत.

माझ्या कॉम्प्युटरलाही हीच पद्धत लागते. मॅथएमएल नावाची गणित लिहायची एक ठरलेली रीत आहे. अपूर्णांक कुठे सुरू होतो, घात कशावर आहे, हे तिच्यात स्पष्ट नोंदलेलं असतं. म्हणून एका सॉफ्टवेअरमधलं गणित दुसऱ्यात जाताना मोडत नाही, आणि कॉम्प्युटर ते मला वाचून दाखवू शकतो. नानांनी तिन्ही वर्षांची पुस्तकं माझ्यासाठी त्या रीतीने टाइप केली. दोन बोटांनी टायपिंग, तोंडाने शिव्या.

शेवटच्या परीक्षेला कॉम्प्युटर वापरायची परवानगीही त्यांनीच भांडून मिळवली. पेपर तयार करायचं काम जळगावच्या एका खाजगी कंपनीकडे होतं. मी पेपर उघडला. कॉम्प्युटर म्हणाला, "प्रश्न पहिला. चित्र. प्रश्न दुसरा. चित्र." सगळी सूत्रं फोटो काढून चिकटवलेली!

ऐन वेळी लेखनिक दिला, तो नियमाप्रमाणे गणित न शिकलेला, कला शाखेचा. बिचारा दिसेल ते वाचू लागला. "उंच वाकडी रेघ. खाली शून्य, वर आडवा आठ. मग ई, वजा एक्स, दोन." दोन वर आहे की शेजारी, मी विचारलं. "शेजारीच दिखस, ताई." दोन वर होता, हे नंतर कळलं. सगळा पेपर असाच गेला. मला गणित येत होतं आणि मी गणितात नापास झाले.

नाना मला घेऊन एसटीने जळगावला गेले. ऑफिसच्या दारातच म्हणाले, "भांडण सुरू."

तिथले साहेब शांत होते. "आमच्या एका सॉफ्टवेअरमधलं दुसऱ्यात नीट येत नाही, म्हणून फोटो टाकतो. दिसायला तर अगदी सारखंच आहे ना, सर?"

"दिसाले!" नानांनी टेबलावर हात आपटला. "हाई गणित नही, गणितना फोटो शे. भाकरना फोटो खाईसन तुम्हनं पोट भरस का?"

साहेबांनी चहा मागवला. नानांनी त्याला हात लावला नाही. "पुढच्या वेळी बघू," एवढंच आश्वासन मिळालं. पुढच्या वर्षीही चित्रंच आली. लेखनिक जरा बरा मिळाला, म्हणून मी पास झाले. असं नशिबाने पास होणं मला आजही अपमानासारखं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. त्याआधी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "ते भांडण बंद करानं ऱ्हाई गयं, माय."

आता मी धुळ्याला शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दिसत नाही. काल तिचा सराव परीक्षेचा पेपर आला, जळगावच्या त्याच कंपनीकडून. कॉम्प्युटर म्हणाला, "प्रश्न पहिला. चित्र." पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझंच काही चुकलं का?" माझं डोकंच फिरलं.

आज सकाळी तिला घेऊन जळगावची एसटी पकडली. तेच ऑफिस. "बसा ना मॅडम," कुणीतरी खुर्ची सरकवली. "चहा सांगतो."

मी उभीच राहिले. "चहा नको," म्हटलं, "भांडण सुरू शे."