खांबाचं माप

"हालू नको बे. तुले दर्शनाले नाई आनलं, खांबाच्या मापाले आनलं."

पाटील हे मले देवळाच्या आत बोलला. मी महाराचा. कमरेच्या वर उघडा, गाभाऱ्याच्या तोंडाशी एका नक्षीच्या खांबाले चिकटून उभा. समोर तीन पायाचा फोटोचा डब्बा, त्याच्यावर काळं फडकं, अन् फडक्यात डोकं घातलेला गोरा साहेब. माही पाठ देवाकडं.

अमडापूरच्या बाजाराले जाताना आमचं गाव लागते. गावाबाहेर जुनं हेमाडपंती देऊळ. आमचा हक्क नंदीच्या ओट्यापर्यंत. त्याच्या पुढं सावली पडली तरी बोंब. नारळ ओट्यावर ठेवायचा, मागं सरायचं, मंग पुजारी उचलनार. माही माय जनमभर तथूनच हात जोडत आली. मी पोटात होतो तवा तिनं तथूनच मागनं मागतलं. म्हने, "एक डाव देवाचं तोंड दिसलं पाह्यजे, मंग मेली तरी चालते."

जुनी देवळं, जुन्या मशिदी पाहाचा साहेब लोकाइले लय नाद. नागपूरहून निघत, रोहिणखेडची मशीद पाहत, मंग आमच्या गावी तंबू ठोकत. साहेब आला की महारवाडा वेठीले. तंबू वाहा, गवत कापा, घोड्याइले पानी पाजा. कोनाची बाई बाळंत हाये का कोनाघरी मयत हाये, कोन इचारते?

त्या दिवशी साहेबाले खांबापाशी मानूस पाह्यजे होता. खांब केवढा हाये हे त्याच्या मुलखातल्या लोकाइले कसं समजनार? पाटील फेटा सावरत लगबगीनं पुढं झाला. साहेब हसला. त्यानं बोट केलं माह्याकडं, बाहेर गवताचा भारा घेऊन उभा होतो मी.

पुजाऱ्याचं तोंड पांढरं पडलं. पाटील त्याले हळूच बोलला, "हुकूम हाये. मागून धुऊन घेऊ."

खोटं कशाले बोलू, मले आनंदच झाला. वाटलं, चाला, मायची इच्छा माह्या डोळ्यानं तरी पुरी होईन. पन पाटलानं बजावलं, "मान खाली घालून ये, अन् पाठ तिकडं कर." तसाच गेलो. तसाच उभा राह्यलो. मागं तेलाचा अन् बेलाचा वास येऊन राह्यला होता. मान वळवाची हिंमत झाली नाई. ओट्याखाली माय उभी. तथूनच वरडली, "लेका, कसा हाये रे देव?"

कोनीतरी तिले हाकललं. साहेबाचं काम झालं तसं मलेही हाकललं.

मंग कुनब्याच्या बायाइनं घागरी आनल्या. मी उभा होतो ती फरशी शेनानं घासली, खांबावर गोमूत्र शिंपडलं. साहेबानं पुसलं, हे काय चाललं? पाटील म्हने, "रीत हाये, साहेब." साहेबानं खुशीनं मान डोलावली. त्याले तेही पाहासारखंच वाटलं.

घरी आलो तं माय चूल पेटवाची सोडून वाट पाहत बसलेली. मी सांगतलं, "माय, त्याइनं पाहू देल्लं नाई."

ती रडली नाई. माह्याकडं पाहत बोलली, "मंग तू आत गेलाच कशाले रे?"

आग लागली अंगाले. साहेबाचा राग नाई, पाटलाचा नाई, माहाच आला. जनावर तरी ओढलं तं पाय रोवते. मी नुसत्या बोटावर गेलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा साहेब आला. पाटील महारवाड्याच्या तोंडाशी उभा राहून वरडला, "चाल बे, साहेब खोळंबला."

मी म्हनलं, "मी नाई येत, पाटील. खांबापाशी तुमी उभे राहा."

त्यानं काठीनं हात मोडला माहा. पह्यलेसारखा जुळला नाई तो. खळ्यावरचं धान्य बंद झालं, सरपन बंद झालं. बाकीचे महार माह्या अंगनातून जाईनासे झाले. त्या उन्हाळ्यात माय गेली, देवाचं तोंड न पाहता. अन् खांबापाशी कोन उभं राह्यलं? माहाच चुलतभाऊ. त्याच्या घरी खानारे सात, त्याले काय बोलू? फरशी पुन्हा धुतली. साहेब येतच राह्यले, देऊळ जसंच्या तसं.

काई बदललं नाई. बदलन असंही वाटत नाई मले. उद्या कोनी दार उघडून म्हनलं, ये बावा, दर्शन घे, तरी मी त्या ओट्यावर पाय ठेवनार नाई. माय मेली तवाच तो देव माह्यापुरता मेला. माहं पोट्टं आता उंच होऊन राह्यलं, खांबापाशी शोभन असं. त्याले न्यायले येतीन, मले ठावं हाये. येऊ द्या. एक हात मोडला हाये, दुसरा हाये. तोही मोडून, मले दारात आडवा पाडून, माह्या छातीवर पाय देऊनच न्या लागन त्याले.