धाकट्याने धरलेला सूर

ठाकूरद्वारच्या माझ्या दुकानात लोक जरीची टोपी घालून, ताठ बसून फोटो काढून घेत. मला मात्र ओढ रस्त्याची. चौकाचौकांत गणपती बसू लागून तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. विसर्जनाच्या मिरवणुका, ताबूत, कोळ्यांच्या वराती, पालख्या, जे जे वाजतगाजत गिरगावातून जाई ते मी दुकानावरच्या गॅलरीतून काचेवर उतरवून घेत असे.

या मिरवणुकांत कोकणातले दोन गुरव भाऊ हटकून दिसत. थोरला सनई वाजवी आणि धाकटा त्याच्यामागे उभा राहून सूर धरी. म्हणजे एकच स्वर, गाल फुगवून, न तोडता. लोक वाहवा करत ती थोरल्याची. पुढे लग्नघरांना बँड हवासा वाटू लागला आणि एक दिवस धाकटा लाल कोट चढवून बँडात शिरला. "जन्मभर एकाच सुरावर उभा राहू काय?" असं तो भावाला म्हणाला म्हणे. थोरल्याने त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. रामाची पालखी येत होती, पुढे थोरल्याची सनई. समोरून नेमकी लग्नाची वरात आली. देवाला वाट द्यायची म्हणून बँड थांबला. सनईसोबत सूर धरणारा नवा माणूस उन्हाने दमला होता, त्याचा श्वास सारखा तुटत होता. धाकटा त्याच बँडच्या रांगेत होता, तो बाहेर आला. त्याने त्या माणसाच्या हातातून सुराची सनई घेतली आणि भावाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. थोरल्याने मान वळवली नाही. डोळे मिटलेले होते ते मिटलेलेच. पण सनई अशी काही लागली की वरातीतल्या बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलो आणि भिंगावरचं झाकण काढलं.

पालखी पुढे सरकली, तसा धाकटा आपल्या रांगेत परत गेला.

काचेवर फोटो सुरेख आला, कागदावर छापायचा तेवढा राहिला होता. मी थोरल्याला म्हटलं, "बुवा, बघायला या."

"आधी तो माझ्या दारात येऊ दे," तो म्हणाला. "मग दोघं मिळून बघू."

पण पुढे प्लेग आला. अर्धं गिरगाव गावी पळालं, मीही बायकामुलांना घेऊन गेलो. परतलो तेव्हा प्लेगसाठी घरं धुणारे सरकारी लोक येऊन गेले होते. कौलं काढलेली, भिंतींवर चुना आणि खोलीभर औषधाचा उग्र वास. पंपाच्या पाण्याने काचांवरचा फोटोचा थर सुटून खाली ओघळला होता. माझ्या सगळ्या मिरवणुका त्यात गेल्या.

त्याच आठवड्यात थोरला आला. धाकट्याला परळच्या चाळीतून इस्पितळात नेलं होतं, आणि याला कळलं ते सगळं आटोपल्यावर.

"तो फोटो दाखवा," तो म्हणाला.

मी काच त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली. कोपऱ्यात पालखीचा गोंडा तेवढा उरला होता.

तो पायरीवर बसला. "मी त्याच्याकडे बघितलंच नाही हो त्या दिवशी. तुम्ही बघितलंत ना? कसा दिसत होता?"

मी आठवून आठवून सांगितलं. कोटाची कॉलर घामाने भिजली होती, टोपी काखेत धरली होती, नजर थोरल्याच्या बोटांवर होती.

"रागात होता?"

"नाही, बुवा."

"मग? खूश होता?"

गाल फुगवलेल्या माणसाचा चेहरा कसा वाचायचा? हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना. "ते नाही सांगता येत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "अजून काही आठवलं तर सांगा."

अजून काही आठवलं नाही. पावसाआधीच्या बोटीने तो कोकणात गेला, तो पुन्हा आला नाही.

मिरवणुका परत सुरू झाल्या, मीही गॅलरीत उभा राहू लागलो. त्यानंतरचे फोटो सगळे शाबूत आहेत. ते बघायला अजून कुणी आलेलं नाही.