आवाज तुटेपर्यंत

कळमन्याच्या धान्यबाजारातल्या अडत्यांना वॉकीटॉकी लावून देणारे आमचे शेजारी कुठल्याही अँटेनाकडे कापड बेतणाऱ्या शिंप्यासारखे बघतात. "सेटचे वॉट काहून वाढवता भाऊ, अँटेनाची उंची वाढवा," हा त्यांचा ठरलेला सल्ला.

परवा नंदनवन वस्तीतल्या आमच्या गच्चीवर त्यांनी नवा अँटेना चढवला आणि एक सेट माझ्या हातात दिला. "आवाज तुटेपर्यंत चालत राहा."

मी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत गेलो, तरी आवाज तुटेना.

"साफ ऐकू येऊन राहिलं ना? मंग समोर पोह्याचा ठेला दिसते का?"

"दिसतो."

"दोन प्लेट बांधून आणजा. तर्री अलग."

इतक्या स्पष्ट आवाजाला ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती. परतलो, तर त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून, पेचकसाखालून, दोन बश्या आणि दोन चमचे निघाले.